डावा म्हणजे कुठला डावा

चष्मेवाल्याची कंबर नेमकी निघायच्या दिवशी सकाळी धरली. तो बाहेरच्या खोलीत सतरंजीवर उताणा पडला होता. गुडघे वर, हात छातीवर, नजर छताला.

"तुम्ही दोघी जा," तो म्हणाला. "होड्या सांगून ठेवल्यात, तंबू आणलाय, सामान भरलंय. माझ्यापायी कशाला अडता? मी पडून राहतो."

पाठीवर पिशवी अडकवून दारात उभ्या असलेल्या बाईंना हे जरा जास्तच सोयीचं वाटलं. डोंगरातल्या जलाशयावर कयाक घेऊन जायचं, काठावर एक रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी जंगलात हिंडायचं, हा सगळा बेत त्याचाच. आणि ऐन वेळी आडवा झालेलाही तोच. पण त्याची मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. ती त्याच्याशेजारी बसली, कमरेखाली हात सरकवला, एक पाय सरळ उचलून बघितला. तो कळवळला तशी ती उठली.

"नाटक नाही. खरंच धरलीय."

"बघा! पोटची पोर, पण तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाही."

"अनुभव," मुलगी म्हणाली, आणि दोन्ही वल्ही उचलून जिना उतरायला लागली.

बाईंचं काम धरणांमागे साचणारा गाळ मोजण्याचं. पन्नाशी आता फार लांब नव्हती. एकटीचं घर होतं, आणि त्या घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. चष्मेवाल्याच्या दुकानात त्या चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला गेल्या, त्याने काढलेल्या नंबराशी त्यांनी वाद घातला, आणि वाद संपेचना म्हणून तो चहा प्यायला त्यांना समोर घेऊन गेला. तिथून पुढचं सगळं त्या वादातूनच झालं. तो विधुर होता. मुलगी शाळेत असतानाच तिची आई गेली होती. आता त्याने बाईंना लग्नाचं विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, "जलाशयावरून परत आले की सांगते."

त्याला वाटलं, विचार करायला वेळ हवा असेल. तसं नव्हतं. त्याच्याबद्दल बाईंचा विचार केव्हाच करून झाला होता. अडलं होतं ते मुलीपाशी, आणि तेही एका अशा गोष्टीपाशी, जी बोलून दाखवली असती तर कुणालाही हसू आलं असतं. मुलीने बाईंना आजवर एकदाही हाक मारली नव्हती.

सुरुवातीला हा योगायोग वाटला. मग बाई लक्ष द्यायला लागल्या, आणि एकदा लक्ष द्यायला लागल्या की त्या थांबत नसत. मुलीने त्यांना अहो म्हटलं नव्हतं, अगं म्हटलं नव्हतं. काकू नाही, मावशी नाही, ताई नाही, अगदी मॅडमसुद्धा नाही. तू नाही की तुम्ही नाही. चहा हवा का हे विचारायचं असलं तर ती म्हणायची, "चहा टाकायचा का?" बसा म्हणायचं असलं तर म्हणायची, "ही खुर्ची बरी आहे बसायला." निरोप देताना म्हणायची, "पोचल्यावर कळवायचं हं." यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. उलट ती हसून बोलायची, वाढताना आग्रह करायची, एकदा तर बाईंची आखडलेली मान तिने बोटांनी दाबून मोकळी करून दिली होती. पण समोरच्या माणसाला कुठेही हात न लावता आख्खं संभाषण पार पाडता येतं, आणि तेही इतकं बेमालूम, हे बाईंना या वयापर्यंत माहीत नव्हतं. त्यांना त्याचं कौतुक वाटे. त्याच वेळी ते टोचतही असे.

कारण ज्या घरात आपल्याला हाक नाही त्या घरात राहायला जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि मागून घ्यावी अशी ही वस्तू नव्हती. मला काहीतरी म्हण असं सांगितल्यावर आलेली हाक काय कामाची? तेव्हा विचारायचं नाही, सुचवायचं नाही. जलाशयावर आता दोघीच. पाण्यावर एक पुढे असणार, एक मागे. हाक मारल्यावाचून किती वेळ निभावेल? सहल संपेपर्यंत हाक आली तर हो. नाही आली तर नाही.

धक्क्यावर होडीवाल्याने दोन कयाक काढून ठेवल्या होत्या, एक लाल आणि एक पिवळी. लाइफ जॅकेटांचे पट्टे त्याने स्वतः ओढून बघितले. प्रत्येक जॅकेटाच्या खांद्याशी दोरीला एक शिट्टी होती.

"सकाळी पाणी आरशासारखं असतं," तो म्हणाला. "दुपारी ढग खाली उतरतात. उतरले की समोरचं माणूस दिसत नाही. काठ सोडू नका म्हणजे झालं. आणि वर ते चार आजोबा आहेत गळ टाकून बसलेले, त्यांच्याकडे बघू नका, बोलायला लागले की सोडत नाहीत."

कयाकमध्ये बसायचं कसं, हे मुलीने शिकवलं. "आधी मध्ये बूड टेकायचं, मग पाय आत. वल्हं खांद्याने नाही मारायचं. कमरेतून वळायचं, हात नुसते बरोबर येतात. आणि श्वास धरून नाही ठेवायचा."

"असं?"

"हो, अस्संच. झकास."

बाई मनात म्हणाल्या, पूर्ण धडा झाला आणि शिकणारं माणूस त्यात एकदाही आलं नाही.

जलाशय लांब आणि अरुंद होता, दोन डोंगरांच्या मध्ये सांडल्यासारखा. धरणाच्या बाजूने निघून त्या वर वर जात राहिल्या, जिकडून नदी येऊन मिळते तिकडे. पाणी ओसरलं होतं, त्यामुळे काठाला उघड्या मातीचा पट्टा पडला होता, आणि त्यावर पाणी टप्प्याटप्प्याने उतरल्याच्या आडव्या रेघा. काही ठिकाणी जुनी, वाळून पांढरी पडलेली झाडं पाण्यातून वर आली होती. बाई मधूनच वल्हं आडवं ठेवून पाण्यात हात घालत, बोटं वर उचलून उजेडात बघत. मुलगी पुढे जाऊन थांबायची, मान वळवून बघायची आणि पाण्यावर वल्हं आपटायची. फाट्. म्हणजे चला.

हेही एक, बाईंना वाटलं. वल्ह्याने बोलावलं, पण तोंडाने नाही.

चार आजोबा एका वळणावर भेटले. काठावर खुर्च्या टाकून बसले होते, गळ पाण्यात, तोंडं चालू. "काही लागलं का?" मुलीने विचारलं. "गप्पा लागल्यात!" एकजण ओरडला, आणि बाकीचे हसले. पुढे कितीतरी वेळ त्यांचे आवाज पाठीमागून येत राहिले. समोरच्या डोंगरावर आवाज आदळून परत येतो, हे त्यांच्यातल्या कुणालातरी नव्याने कळलं असावं. "आहे का कुणी?" तो ओरडायचा. डोंगर म्हणायचा, कुणी. मग चौघं खिदळायचे.

नदी जलाशयाला मिळते तिथे गवताची सपाट जागा होती. तंबू तिथे ठोकला. बाईंनी चारी बाजूंच्या दोऱ्या ताणून बघितल्या, एक खुंटी काढून पुन्हा ठोकली. मुलीने छोट्या स्टोव्हवर सूप ठेवलं आणि पावाचे तुकडे केले. खाता खाता तिने विचारलं, "गाळ मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं? पाण्याखाली आहे ना तो?"

बाईंना या प्रश्नाने बरं वाटलं. बहुतेक लोक 'अच्छा अच्छा' म्हणून विषय बदलत. त्या म्हणाल्या, "होडीतून खाली आवाज सोडायचा. तो तळाला लागून परत येतो. किती वेळाने आला त्यावरून खोली. पूर्वी किती खोल होतं ते माहीत असतं. दोन्हींतला फरक म्हणजे गाळ."

"म्हणजे हाक मारायची आणि ओ यायची वाट बघायची."

"तसंच," बाई म्हणाल्या, आणि वाटीत बघत राहिल्या. ही मुद्दाम बोलली की सहज?

मुलगी पुढे बरंच विचारत राहिली. गाळ सगळीकडे सारखा बसतो का? मग आधी कुठे? वाळू आधी की चिखल? धरण भरून गेलं तर पुढे काय? प्रश्न चांगले होते, एकातून दुसरा निघणारे. बाईंना ती आवडली. खरं तर आधीपासूनच आवडत होती, आणि त्यामुळेच तर टोचत होतं.

भांडी विसळायला बाई पाण्याशी वाकल्या, तेव्हा पाठीमागून मुलगी म्हणाली, "अ—"

बाईंचा हात पाण्यातच थांबला. अहो आणि अगं, दोन्हींची सुरुवात एकच. पुढचं अक्षर काय येतं याकडे त्यांचे कान लागले.

"अं... अंधार लवकर पडला," मुलगी म्हणाली.

"हो ना," बाई म्हणाल्या आणि वाटी घासायला लागल्या.

सकाळी पाणी होडीवाल्याने सांगितल्यासारखंच होतं. चहा झाल्यावर मुलीला जंगलातून वर धबधब्यापर्यंत जायचं होतं. बाईंना नदीच्या तोंडाशी साचलेला गाळ बघायचा होता. नकाशावर दोघींनी डोकी घातली. धबधब्यापासून वाटा परत तंबूकडे न येता दोन्ही बाजूंनी खाली उतरून काठाला मिळत होत्या, तेव्हा खालीच भेटलं तर परतीचा पल्ला कमी होणार होता.

"दोन्ही कयाक मी आणते," बाई म्हणाल्या. "पिवळी लालच्या मागे बांधून. तंबूही आवरते. डाव्या तीरावर थांबते, जिथे ती बुडालेली झाडं आहेत तिथे. वाट तिथेच उतरते."

"डाव्या?"

"डाव्या."

"ठरलं मग. पाण्याची बाटली तेवढी घेते, बाकी ओझं कशाला." मुलीने जॅकेट काढून पिवळ्या कयाकमध्ये टाकलं. शिट्टीही त्याच्याबरोबर राहिली. झाडांत शिरताना ती वळली, हात हलवला आणि म्हणाली, "सांभाळून हं!"

कुणी सांभाळून, ते नेहमीप्रमाणे हवेतच राहिलं.

नदीच्या तोंडाशी बाईंचं भान हरपलं, असं म्हणायला हरकत नाही. पाणी संथ होतं तिथे नदी आपलं ओझं उतरवून ठेवते. आधी गोटे, मग जाडी वाळू, मग बारीक, आणि पुढे पाण्याखाली लोण्यासारखा चिखल. बाई बूट काढून गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या. चिमूटभर गाळ बोटांत चोळला, मग कणभर पुढच्या दातांमध्ये घेऊन दात एकमेकांवर फिरवले. किंचित करकरलं. निव्वळ चिकणमाती नव्हे तर. करकरणारे कण असे इतक्या पुढपर्यंत येतात म्हणजे नदीला वरती कुठेतरी नवी दरड मिळाली असणार. कुठे असेल? मुलगी वर गेलीये, तिला दिसेल का? येऊ दे, विचारू. तिला ऐकायला आवडेल.

हे 'तिला आवडेल' मनात आलं आणि बाई जराशा चपापल्या. नाही म्हणायची तयारी करून आलेल्या माणसाने असले विचार करू नयेत.

तंबू आवरून, पिवळी कयाक दोरीने मागे बांधून त्या डाव्या तीरावरच्या वाळलेल्या झाडांपाशी पोचल्या. वाट झाडीतून खरंच तिथे उतरत होती. त्या एका ओंडक्यावर वाटेकडे तोंड करून बसल्या. शेंगदाणे खाल्ले. ढग डोंगरावरून घरंगळत खाली आले, समोरचा काठ आधी पुसट झाला, मग नाहीसाच झाला. पाण्याचा फक्त पायापुढचा तुकडा उरला. हवा गार पडली.

मुलगी आली नव्हती.

"आहे का कुणी?" पाण्यावरून कुठूनतरी बारीक आवाज आला.

आजोबा, बाईंना वाटलं. ढगांतसुद्धा यांची करमणूक चालूच. धुक्यातून येता येता आवाजातलं माणूस गळून गेलं होतं, शब्द तेवढे पोचले होते. त्या वाटेकडेच बघत राहिल्या.

"ऐकू येतंय का?"

येतंय, येतंय. गळ टाकून बसा गपचूप.

मुलगी यायला हवी होती. पाय मुरगळला असेल का? धबधब्याजवळ दगड निसरडे असणार. बाई उठून वाटेने थोड्या वर गेल्या आणि झाडीकडे तोंड करून ओरडल्या, "ओ! वाट सापडली का?" झाडी गप्प होती. त्या पुन्हा ओरडल्या, "येणं होतंय का?" पानांवरून ठिबकणारं पाणी सोडलं तर कशाचाच आवाज नाही. चष्मेवाला सतरंजीवर पडून छताकडे बघत असेल. त्याला काय सांगायचं? तुझी मुलगी मी एका 'डाव्या तीरावर' हरवली?

आणि तेवढ्यात पाण्यावरून, चांगलं खणखणीत, चिडलेलं, "मोजपट्टी!"

बाई थबकल्या. धुक्यात मोजपट्टी कुणाला हवी झाली? आजोबा मासा मोजायला निघालेत की काय?

"मोजपट्टीऽऽ! तुझा डावा कुठला गं?"

बाई वळल्या. हळूहळू, एखाद्या मोठ्या पक्ष्याने उडून जाऊ नये म्हणून वळावं तशा. आवाज मुलीचा होता. तो पलीकडच्या काठावरून येत होता. आणि मोजपट्टी म्हणजे बाई होत्या.

आधी डाव्याचा उलगडा झाला. नद्यांचं काम करणाऱ्यांचा डावा एकच असतो: पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला येतो तो डावा तीर. माणूस वर चालला असो की खाली, तीर बदलत नाही. बाईंना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की दुसरा डावा असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी काल वल्हवत वर आली होती. तिच्या डाव्या हाताला होता तो काठ तिचा डावा. धबधब्यापाशी लाकडी पूल ओलांडून ती पलीकडे उतरली होती, आणि वाळलेली झाडं तिकडेही होती. जॅकेट नाही, शिट्टी नाही, होडी नाही. आणि मघापासून 'आहे का कुणी' म्हणून ओरडणारी तीच होती.

"आले!" बाई ओरडल्या. "तिथेच थांब! हलू नकोस!"

"अगं, कुठे हलणार? पुढे पाणी आहे!"

बाईंनी लाल कयाक पाण्यात लोटली, पिवळी मागे. काठ सोडू नका, हे त्यांना आठवत होतं, पण काठाने फिरून जायचं तर पुन्हा वरपर्यंत जाऊन यावं लागणार होतं, आणि पोरगी तिकडे गारठत होती. पाच-सात वल्ही मारली आणि मागचा काठ गेला. पुढचा अजून नव्हता. सगळीकडे एकच करडा रंग. खाली पाणी कुठे संपतं आणि ढग कुठे सुरू होतो ते कळेना. दिशा एकच होती, आवाजाची.

"बोलत राहा!" त्या ओरडल्या. "तुझ्या आवाजावर येतेय!"

"काय बोलू?"

"मोजपट्टी म्हणजे कोण, ते सांग!"

धुकं एकदम चिडीचूप झालं. बाईंनी वल्हं उचलून धरलं. कयाक आपोआप जराशी वळली, आणि क्षणभर त्यांना खरोखरच कळेना की पुढे म्हणजे कुठे.

"गप्प बसलीस तर चुकेन मी!"

"तू!" आवाज आला, किंचित उजवीकडून. बाईंनी कयाक वळवली. "मोजपट्टी म्हणजे तू! पहिल्यांदा घरी आलीस आणि म्हणालीस भिंतीवरची चौकट झुकलीय!"

"झुकलीच होती!"

"माहीतेय! तू गेल्यावर आम्ही मोजली!"

"किती होती?"

"हे बघ! हे असं! म्हणूनच!" मुलीचा आवाज फुटला, हसू आणि कुडकुडणं दोन्ही त्यात होतं. "बाबापण तेच म्हणतात! आज मोजपट्टी येणार, भांडी नीट लाव!"

"आणखी?"

"आणखी काय! तू हसायच्या आधी चष्मा काढतेस! का ते आम्हाला अजून कळलेलं नाही!"

"काचा धुरकट होतात!"

"हसल्याने?"

"गाल वर जातात! वाफ वर जाते!"

"बाबांना सांगायला पाहिजे, चष्म्याचं दुकान आहे आणि एवढं ठाऊक नाही! आणि तू यायची असलीस की बाबा दुकान लवकर बंद करतात आणि मला म्हणतात, आज गिऱ्हाईकच नव्हतं! आणि मी म्हणते बरं! आणि तू भात खाताना आधी कडा खातेस! आणि परवा तू माझी खुर्ची दुरुस्त केलीस, ती डुगडुगायची थांबली, मी काही बोलले नाही कारण... कारण... मला दिसतेस तू! लाल! लाल टोक दिसतंय!"

कयाकचं टोक मातीत रुतलं. मुलगी घोटाभर पाण्यात उभी होती, हात काखेत, ओठ निळसर. बाईंनी पिशवीतून स्वेटर काढला, तिच्या डोक्यावरून खाली ओढला, वरून जॅकेट चढवलं आणि उरलेले शेंगदाणे तिच्या मुठीत कोंबले. मुलीने ते भराभर खाल्ले.

"मी किती वेळ बोंबलत होते," ती म्हणाली.

"मला वाटलं गळवाले आजोबा."

"ते कशाला तुला हाका मारतील?"

"हाक होती कुठे? 'आहे का कुणी' म्हटल्यावर ते मी, हे मला कसं कळावं?"

मुलीने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने चिखलात रेघ ओढली. "काय म्हणायचं तेच ठरत नव्हतं गं. मावशी म्हटलं तर दोन सख्ख्या मावश्या आहेत, त्या फाडून खातील. ताई म्हटलं तर बाबांचं काय होतं ते बघ. आणि काकू म्हटलं तर बाबाच माझे काका होतात!"

बाईंना हसू फुटलं. चष्मा काढायचा राहिला आणि तो खरोखरच धुरकटला.

"आणि आई तर..." मुलगी म्हणाली.

"नाहीच," बाई म्हणाल्या. त्यात आपल्याला काही लागलं का, हे त्यांनी आत डोकावून पाहिलं. नव्हतं लागलं.

"आणि घरात मोजपट्टी म्हणून इतकी सवय झाली, की दुसरं काही जिभेवर येईचना. तोंडावर कसं म्हणणार? म्हणून मग काहीच नाही." मुलीने नजर वर केली. "पण तू तरी मला कधी हाक मारलीस?"

"मी?"

"तूच की. 'पाणी पुरेल ना.' 'दार ओढून घेतलं का.' मला वाटायचं, हिला माझं नावसुद्धा घ्यायचं नाहीये. बाबांना म्हटलंही मी, माणूस चांगलं आहे, पण मला नुसतं बघते. बोलते भिंतीशी."

बाई कयाकच्या कडेवर बसल्या. त्यांनी आठवून बघितलं. जेवणाचं टेबल, जिना, दुकान, कालची शेकोटीविना संध्याकाळ, मघाशी झाडीकडे बघून मारलेली 'येणं होतंय का' ही विचित्र आरोळी. एकही हाक नव्हती. इतके महिने त्यांनी मुलीचं प्रत्येक वाक्य तपासलं होतं आणि स्वतःचं एकही नाही. हाताखालच्या नवख्यांना त्या पहिल्या दिवशी सांगत, मोजणाऱ्याचं वजनही होडीत असतं, ते धरायचं विसरू नका. त्याच विसरल्या होत्या. एक बोलेना म्हणून दुसरी बोलेना, आणि कुणी आधी टाळलं, ते आता कोणत्याही यंत्राने सापडलं नसतं.

"खरं आहे तुझं," त्या म्हणाल्या.

"मग मनात काय म्हणायचीस मला? काहीतरी असेलच."

"आहे."

"सांग. मी सांगितलं ना, तेही अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं."

"भावेबाई."

मुलगी बघतच राहिली. "कोण भावे? आपल्यात कोणी भावे नाही."

"प्रयोग. भावे प्रयोग. 'निघायचं का', 'थांबायचं का', 'कळवायचं हं'. कर्ता कुठेच नाही."

मुलीला ते पोचायला एक क्षण लागला. मग ती इतकी हसली, की तिला कयाक धरून वाकावं लागलं. "भावेबाई! बाबांना सांगते थांब! मला शाळेत व्याकरणात नेहमी कमी पडायचे!"

"उलट हुशार होतीस. कधी कधी कर्मणीही करायचीस. 'चहा टाकायचा का.'"

"पुरे!" तिने डोळे पुसले. मग स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या आणि हसणं आवरून, थेट बघत तिने विचारलं, "बाबांना काय सांगणार आहेस?"

हा प्रश्न इतका सरळ आला, की बाईंना त्याला वळसा घालता आला नाही. "काल निघाले तेव्हा 'नाही' म्हणणार होते."

"माझ्यामुळे."

"हाक नाही त्या घरात कशाला जायचं, असं वाटलं."

मुलगी पिवळ्या कयाकची गाठ सोडायला लागली. बाईंनी बांधलेली गाठ घट्ट होती, तिला ती सुटेना, आणि बाईही मध्ये पडल्या नाहीत. धुकं थोडं विरळ झालं होतं. वाळलेल्या झाडांच्या फांद्या एक एक करून दिसायला लागल्या होत्या.

"आणि आता?" गाठीकडेच बघत तिने विचारलं.

"आता सांगायचं... होच सांगायचं म्हणते."

"हं हं. हे भावे झालं." मुलीने गाठ सोडली आणि दोर हातात धरून उभी राहिली. "कर्तरीत सांग. कर्त्यासकट."

बाईंनी चष्मा काढला, स्वेटर मुलीला दिलेला असल्याने सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"मी तुमच्या घरी राहायला येईन," त्या म्हणाल्या.

मुलीने वाक्य मनात एकदा फिरवून बघितलं.

"भविष्यकाळ आहे," ती म्हणाली, "पण चालेल. बस आता आत, मी ढकलते."